गुराबेचा नकाशा

कोल्हापूरला समुद्र नाही, समुद्राचा देव मात्र आहे. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात जुन्या काशाच्या वस्तू सापडल्या. पुढं १९४५-४६मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षितांनी तिथं रीतसर उत्खनन केलं. त्या वस्तूंमध्ये छोटासा पोसायडन होता, ग्रीकांचा सागरदेव, भूमध्य समुद्राकडून जहाजात बसून कोकणात उतरलेला आणि तिथून घाट चढून आलेला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावाचा जहाजांशी संबंध होता. आज मात्र इथं कुणी टेबलावर लाकडी शिडाचं जहाज बांधायला बसलं, तर घरी येणारा प्रत्येक माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला, "हे पाण्यात चालतं का?" आणि दुसरा, "तयार डबा आणून जोडायचं, त्यात काय एवढं?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: नाही. दुसरा प्रश्न मला बरेच दिवस पुरला.

डब्यात काय असतं ते आधी सांगतो. लेसरनं कापलेल्या प्लायचा पठाण, म्हणजे जहाजाचा कणा. त्याच्या खाचांत आडवे बसणारे वाक, म्हणजे फासळ्या. मग लिंडेन आणि अक्रोडाच्या काडीसारख्या पट्ट्या, पितळी तोफा, तीन-तीन भोकांच्या बारीक लाकडी चकत्या, सुताची रिळं आणि पसरले तर जेवणाचं टेबल व्यापतील असे नकाशे. इटली, स्पेन, डेन्मार्कमधल्या कंपन्या हे डबे काढतात आणि जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीच्या यादीत इंग्लंडचं व्हिक्टरी हे जुनं लढाऊ जहाज असतंच. मोठ्या डब्यातलं व्हिक्टरी पुरं झालं की मीटरभर लांब होतं.

आता पट्टी बसवण्याकडे या. जहाजाच्या पोटाचा घेर मध्यात मोठा असतो आणि नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, लहान; पट्ट्यांची संख्या मात्र दोन्हीकडे तीच. निऱ्यांसारख्या चुण्या घेऊन त्या दाबता येत नाहीत. प्रत्येक पट्टी नाळेकडे निमुळती तासावी लागते, आणि किती तासायची हे कागदी पट्टीवर मापं घेऊन ठरवावं लागतं. मग ती गरम पाण्यात भिजवायची, तापल्या सोल्डरिंगच्या दांड्यावर दाबत वळवायची. एकीकडे बाक आणि त्याच वेळी पीळ, असं दुहेरी वळण नाळेजवळ लागतं. घाई केली की पट्टी बाहेरच्या बाजूनं तडकते. शेवटी फेविकॉल लावून कपड्यांच्या चिमट्यांनी रात्रभर धरून ठेवायची. त्यात कोल्हापूरचा पाऊस. जुलैत लाकूड हवेतलं पाणी पिऊन फुगतं, तेव्हा घट्ट वाटलेले सांधे ऑक्टोबरच्या उन्हात उघडे पडतात. इटलीतल्या नकाशावर याचा उल्लेख नसतो, आणि असावा अशी अपेक्षाही नाही.

म्हणजे नकाशा सगळं सांगत नाही. पण तो जे सांगतो ते फार मोठं आहे, आणि ते सांगण्याची पद्धत ही एका विशिष्ट विचारातून आलेली आहे. डब्यात आधी सांगाडा उभा करायचा आणि मग त्यावर फळ्या ठोकायच्या असतात. युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकापासून मोठी जहाजं अशीच बांधली जाऊ लागली. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवरची जुनी रीत उलटी: पठाण ठेवायचा, त्याला फळीला फळी जोडत पोट वर आणायचं आणि वाक मागाहून आत बसवायचे. पहिल्या रीतीत जहाजाचा आकार वाकांनी ठरतो, आणि वाक कागदावर काढता येतात. दुसऱ्या रीतीत आकार फळी वळवणाऱ्या मिस्त्रीच्या नजरेत असतो. फळी चढता चढता तो ठरत जातो.

सांगाडा आधी असला की लंडनच्या कचेरीत बसलेला माणूस मुंबईत कसं जहाज बांधायचं हे ठरवू शकतो. ब्रिटिश नौदलानं नकाशांचा आग्रह धरला तो काही केवळ ज्ञानाच्या प्रेमापोटी नव्हे. गोदीतल्या मिस्त्रीवर त्यांचा पुरता भरवसा नव्हता, खर्च आणि लाकूड त्यांना मोजून हवं होतं. उलट बाजूनं पाहा. मिस्त्रीच्या नजरेत जे आहे तीच त्याची रोजीरोटी. ते कागदावर उतरवून दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय. तो ते मुलाला, पुतण्याला शिकवील, हाताला हात लावून. आपल्याकडे नकाशे राहिले नाहीत ते अडाणीपणामुळं, असं म्हणणाऱ्यांशी माझं म्हणूनच जमत नाही. नकाशा न काढण्यात चोख व्यवहार होता. फक्त त्या व्यवहाराची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

ती किंमत कोल्हापुराइतकी कुणाला कळावी? टॉमस स्लेडनं नकाशे काढलेलं व्हिक्टरी चॅथमच्या गोदीतून पाण्यात उतरलं ते ७ मे १७६५ला. त्याच वर्षी मुंबईकर इंग्रजांनी मालवणवर चढाई केली आणि कोल्हापूरकर छत्रपतींच्या ताब्यातला सिंधुदुर्ग घेतला. त्याला फोर्ट ऑगस्टस असं नावही देऊन टाकलं. किल्ला सांभाळणं परवडेना म्हणून पुढच्या वर्षी मोठी रक्कम वसूल करून त्यांनी तो परत केला. तेव्हा इथला कारभार जिजाबाई राणीसाहेब पाहत होत्या. १८१२च्या तहात मात्र मालवण आणि सिंधुदुर्ग कायमचे गेले. तोवर मालवणच्या बंदरात कोल्हापूरची जहाजं होती आणि इंग्रजी व्यापाऱ्यांना त्यांचा जाच होता. आज व्हिक्टरीची कुठलीही कप्पी कुठं बसते हे मी कोल्हापुरात बसून सांगू शकतो. कोल्हापूरच्याच गलबताची शीड बांधायची दोरी कुठून कुठं जात होती, ते मात्र मला सांगता येत नाही.

१८१२ हे साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ जावा या इंग्रजी जहाजाला अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या जहाजानं नामोहरम केलं आणि मग त्याला आग लावली. त्या जहाजावर मुंबईला निघालेले काही नकाशे होते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी ज्यावरून एक फ्रिगेट बांधायची होती, ते हे नकाशे. पुन्हा नकला काढून पाठवाव्या लागल्या, काम लांबलं, आणि १२ ऑक्टोबर १८१७ला ट्रिंकोमाली पाण्यात उतरली. मलबारी सागवानाची ती फ्रिगेट आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या धक्क्याला तरंगते आहे. कागद जळला तरी मूळ प्रत लंडनला होती, म्हणून जहाज झालं. वाडिया कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्यांची नजर होती आणि हाताशी नकाशाही होता. एवढं टिकाऊ जहाज या दोहोंतल्या एकावर झालं असतं असं मला वाटत नाही.

मराठी आरमाराच्या बाबतीत अशी दुसरी प्रत कुठं नव्हती. फेब्रुवारी १७५६मध्ये विजयदुर्गच्या बंदरात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. (त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते, हे आपण सोयीनं विसरतो.) लाकूड गेलं, नजर हळूहळू गेली, आणि ज्यावरून पुन्हा जहाज बांधता येईल असा नकाशा मागे राहिला नाही. म्हणून शाळांच्या प्रदर्शनात शिवरायांचं आरमार म्हणून थर्माकोलचं जे जहाज ठेवलेलं असतं, त्याला सहसा तीन डोलकाठ्या, उंच नक्षीदार पिछाडी आणि चौकोनी शिडं असतात. ते स्पॅनिश गॅलिऑन असतं. वर भगवा लावला की काम झालं. यात मुलांना दोष देता येत नाही, त्यांना दुसरं चित्रच मिळालेलं नाही. पण पुतळ्यांवर आणि सोहळ्यांवर खर्च करणाऱ्यांना एक वाकांचा तक्ता काढून घ्यावासा वाटला नाही, हे मला खटकतं.

कोल्हापूरकर यावर म्हणेल, नकाशा कशाला, बघून करतो की! हा बाणा पोकळ नाही. आनंदराव आणि बाबूराव या मिस्त्री घराण्यातल्या मामे-आतेभावांनी प्रोजेक्टरची यंत्रणा समजून घेत सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. १९१६मध्ये आनंदराव वारले. बाबूराव पेंटरांनी तो १९१८मध्ये पुरा केला, आणि १९२०चा ‘सैरंध्री’ महाराष्ट्र फिल्म कंपनीनं त्यावर काढला. शिवाजी उद्यमनगरात आजही परदेशी यंत्राचा मोडलेला भाग टेबलावर ठेवला की तसाच भाग बनवून मिळतो. पण बघून करायला समोर काहीतरी असावं लागतं. पेंटरांसमोर प्रोजेक्टर होता. गुराबेच्या, म्हणजे मराठी आरमारातल्या मोठ्या लढाऊ जहाजाच्या, बाबतीत समोर काय आहे?

काहीच नाही असंही नाही. इंग्रज कंपनीच्या नोकरीतला इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याचं वर्णन आहे, आणि शत्रूचं असूनही ते काळजीपूर्वक केलेलं आहे. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, काहींना तीन. तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे टनांची, दोनची दीडशेच्या आसपास. लांबीच्या मानानं ती रुंद, पाण्यात उथळ बसायची आणि मध्यापासून पुढं निमुळती होत जायची. पुढचा भाग युरोपीय जहाजासारखा उंच गोल नव्हे, तर लांब पुढं गेलेली सपाट नाळ. मुख्य तक्तपोशी, म्हणजे डेक, आणि नाळ यांच्यामध्ये आडवी भिंत, त्या भिंतीत झरोके, आणि त्यांतून नाळेवरून सरळ समोर मारणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा. हे वाचल्यावर आंग्र्यांची लढाई कळते. मोठ्या इंग्रजी जहाजाची सगळी ताकद कुशीतल्या तोफांत होती. गुराब मागून येऊन त्याच्या पिछाडीवर समोरच्या तोफा डागायची, आणि मग वल्ह्यांवरची गलबतं माणसं घेऊन भिडायची.

एवढ्यावरून जहाज उभं राहतं का, याचं उत्तर अलीकडे गोव्यात मिळालं. तिथं समोर होतं ते अजिंठ्याच्या चित्रातलं पाचव्या शतकातलं जहाज; नकाशा नाही, मापं नाहीत. केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी फळ्या वाफेवर वाकवून काथ्याच्या दोरीनं शिवल्या, रीत तीच जुनी, आधी पोट मग वाक. पण त्यांच्या शेजारी नौदलाचे अभियंतेही होते. आकार ठरवण्यासाठी लहान प्रतिकृती करून ती आयआयटी मद्रासच्या टाकीत तपासली गेली. कौंडिण्य या नावानं ते जहाज मे २०२५मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून मस्कतला पोचलं. मिस्त्रीचा हात आणि अभियंत्याचा कागद एकमेकांना अविश्वासानं न पाहता एका छपराखाली आले, याचं मला जहाजाइतकंच अप्रूप वाटतं. आणि त्यात प्रतिकृती ही शोभेची वस्तू नव्हती. मोठ्या जहाजाच्या आधी चुका करून घेण्याची जागा होती.

म्हणून डब्याला नावं ठेवणाऱ्यांना माझं सांगणं असं, की डबा जोडणारा माणूस दुसऱ्याचे निर्णय ओळीनं वाचत जातो. वाक इथं का, डोलकाठी एवढी मागे का कललेली, ही दोरी त्या दोरीच्या आधी का बांधायची. वर्षभर असं वाचलेल्या माणसाला ऑर्मचं वर्णन पुन्हा वाचायला द्या. त्याला त्यातल्या गाळलेल्या जागा दिसू लागतात, आणि तिथंच गुराबेचा पहिला नकाशा सुरू होऊ शकतो. टिंबर मार्केटमधून सागवानाचा तुकडा आणणं ही त्यातली सर्वांत सोपी गोष्ट.

मी सध्या गलबतापाशी अडलो आहे. ऑर्म सांगतो की गलबतं क्वचितच सत्तर टनांवर जात. त्यांना दोन डोलकाठ्या, मागची अगदी हलकी. मोठ्या डोलकाठीवर एकच भलंमोठं तिकोनी शीड. वल्ही चाळीस-पन्नास. लहान गलबतांना वजन वाचवण्यासाठी चिरलेल्या बांबूंची तक्तपोशी, आणि काठाच्या फळीत रोवलेल्या फिरत्या खुंट्यांवर लहान तोफा. म्हणजे तोफ उडाली की तिचा धक्का बांबूंना सोसावा लागत नसणार. पण काठावर तर वल्ही. दोन वल्ह्यांच्या मध्ये खुंटी बसवली तर वल्हं ओढणाऱ्याच्या कोपराला जागा किती उरते, हे मी काड्या मांडून पाहतो आहे. मालवण किंवा देवगडकडच्या एखाद्या वल्हं मारलेल्या म्हाताऱ्या तांडेलाला बहुतेक हे एका मिनिटात सांगता येईल.