कर्नल आणि त्याचा ड्रायव्हर

‘‘आज दुपारी मी कर्नल बदलला,’’ असं मी चहाच्या वेळी जाहीर केलं, तेव्हा घरात कोणी टाळ्या वाजवतील अशी माझी अपेक्षा नव्हती. पण ‘‘कोण, कोपऱ्यावरच्या बंगल्यातले? चांगले होते की रे!’’ असं आई म्हणेल, हीही नव्हती.

खुलासा करायला हवा. माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, आणि लिनक्स म्हणजे मुळात एक कर्नल. लष्करातला नव्हे, कर्नल म्हणजे गाभा, अक्रोडातला गर. एका बाजूला यंत्र, दुसऱ्या बाजूला आपले प्रोग्रॅम, आणि मध्ये बसून हा सगळा कारभार हाकतो. १९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं तो हौसेखातर लिहायला घेतला, आणि आज त्याच्या तीन कोटींहून अधिक ओळी झाल्या आहेत. (हौसेखातर सुरू केलेली माझी बाग तीन कुंड्यांपाशी थांबली.) दर नऊ-दहा आठवड्यांनी त्याची नवी आवृत्ती निघते.

जुन्या कर्नलबद्दल माझी काडीचीही तक्रार नव्हती. पण ‘नवी आवृत्ती उपलब्ध’ अशी पाटी पडद्यावर झळकली, आणि रविवारची दुपार होती. रिकामा वेळ आणि थोडंसं ज्ञान एकत्र आलं की मध्यमवर्गीय माणसाच्या हातून सुधारणा घडते. तशी ती घडली. नवा कर्नल रुजू झाला, आणि वायफाय गेलं.

आता रविवारी संध्याकाळी सात म्हणजे आमच्याकडे आरतीची वेळ. टोरांटोत तेव्हा सकाळ असते. आमचा मुलगा आपल्या पोराला मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसतो आणि आई पणतू बघते. आई शहाऐंशी वर्षांची. फोन तिला चालत नाही. ‘‘त्यात तो सुपारीएवढा दिसतो,’’ म्हणते. मोठ्या पडद्यावरच त्याचे दात मोजता येतात. सहा वाजले, तशी ती जरीकाठाचं लुगडं नेसून येऊन बसली.

‘‘अहो, होतंय ना?’’ सौ.नं हळूच विचारलं.

‘‘होतंय, होतंय.’’

होत काहीच नव्हतं. विहिरीत पडलेला पोहरा काढायला गळ लागतो, आणि इथे गळच विहिरीत पडलेला. वायफाय दुरुस्त करायला जे उतरवून घ्यायचं, ते वायफायवरूनच यायचं.

भानगड अशी होती. वायफायची चिप कर्नलशी थेट बोलत नाही. मध्ये ड्रायव्हर लागतो. बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्याच घरात वाढलेले असतात. घरात खांब हलवला, तर हलवणाराच त्यांची खाटही सरकवून देतो. पण माझ्या चिपच्या कंपनीनं आपल्या विद्येचा काही भाग झाकून ठेवलेला. त्यामुळे तिचा ड्रायव्हर बिऱ्हाडकरूसारखा बाहेर राहतो आणि दर नव्या कर्नलच्या मापानं त्याला पुन्हा शिवावं लागतं. हे शिवणकाम आपोआप करणारा डीकेएमएस नावाचा शिंपी असतो. मात्र त्याला नव्या कर्नलची मापं लागतात, ज्यांना हेडर म्हणतात. ती मापांची पोथी ‘उगाच जागा अडवते’ म्हणून मागच्या दिवाळीच्या साफसफाईत कोणी काढून टाकली असेल? मीच.

सात वाजायला दहा मिनिटं कमी असताना एक गोष्ट आठवली. नवा कर्नल आला तरी जुन्याला लगेच घराबाहेर काढत नाहीत. कॉम्प्युटर सुरू होताना एक यादी दाखवता येते, तिच्यात आतल्या पानावर तो बिचारा नाव राखून बसलेला असतो. मी त्याला साद घातली. तो आला, त्याचा जुना ड्रायव्हर आला, वायफाय आलं, आणि सातच्या ठोक्याला पणतवानं पणजीला जीभ दाखवली.

रात्री मात्र झोप येईना. चूक कोणाची?

कर्नलवाल्यांचा एक कडक नियम आहे : कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम नव्या कर्नलवर बंद पडला, तर दोष कर्नलचा. तो प्रोग्रॅम कर्नलमधल्या एखाद्या चुकीवर विसंबून चालत असला, तरीही! मला हा नियम फार थोर वाटतो. वचन म्हणजे आपण काय बोललो एवढंच नव्हे. दुसरा आपल्या कशावर भार टाकून उभा आहे, तेही वचनच. पण बाहेर राहणाऱ्या ड्रायव्हरला हा नियम लागू नाही. घराची आतली रचना आम्ही हवी तेव्हा बदलणार, असं त्यांनी लेखी सांगून ठेवलंय. तेही खोटं नाही. ज्यानं आपली खाट कुठे आहे हेच झाकून ठेवलं, त्याची खाट दुसऱ्यानं कशी सरकवायची?

म्हणजे कर्नलवाले सुटले. कंपनीनं तरी माझ्या घरी येऊन शपथ कुठे घेतली होती? तीही सुटली. मग लुगडं बदलून बसलेल्या म्हातारीचं देणं कोणाकडे राहिलं?

मीही तिला कधी शब्द दिला नव्हता. पण तीन वर्षं दर रविवारी सात वाजता यंत्र चालू करून देणं, हा शब्द नाही तर काय? तिनं त्याच्यावर भार टाकला होता, आणि मी तिला न विचारता खांब हलवला. सुधारणा करणाऱ्याला वाटतं, आपण चांगलंच करतोय, मग विचारायचं कशाला? माझी तक्रार सुधारणेबद्दल नाही. जुना कर्नल जन्मभर ठेवला, तर त्याच्यातल्या चोरवाटा बुजवणार कोण? पण नवा जिना पक्का होईपर्यंत जुनी शिडी काढू नये, आणि जिना वापरणाऱ्याला आधी सांगावं. यादीत जुन्या कर्नलचं नाव ठेवणाऱ्यांना हे कळलं होतं. साठी उलटलेल्या मला कळायला रविवार जावा लागला.

सोमवारी सकाळी जुन्या कर्नलच्याच वायफायवरून मापांची पोथी आणली. शिंप्यानं दोन मिनिटांत ड्रायव्हर शिवून दिला. नवा कर्नल आता झकास चालतो. खरं सांगायचं तर जुन्यात आणि त्याच्यात मला काडीचाही फरक दिसलेला नाही.

परवा पुन्हा ती पाटी झळकली. मी आधी आईकडे गेलो.

‘‘आई, कर्नल बदलू का?’’

तिनं जपमाळ थांबवली. ‘‘आज वार कोणता?’’

‘‘सोमवार.’’

‘‘मग बदल. पण आधीच्या कर्नलला घालवू नकोस हो. रविवारी तोच आला होता.’’