भुताला हसावे काय?

गेल्या आषाढात आम्ही पाचाडास एका स्नेह्यांच्या घरी दोन दिवस अडकून पडलो होतो. पावसाने रायगड पार झाकून टाकला होता. जिजाऊंच्या समाधीपर्यंत जाऊन आलो, तेवढेच. सायंकाळी मुलांनी महेश कोठारे यांचा 1993 सालचा ‘झपाटलेला’ लावला आणि घरातील तीन पिढ्या पोट धरून हसल्या. चित्रपट संपल्यावर मात्र अंधारात मागील दारी एकटे जाण्यास एकही मुलगा धजेना!

तात्या विंचू हा मरता मरता बाहुल्यात शिरलेला गुंड. कल्पना 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’ ह्या अमेरिकन चित्रपटाची. पण रामदास पाध्ये यांचा तो बाहुला इतका आपला झाला की तिच्या मुळाची कोणास आठवणही राहिली नाही. कोकणास तर हा प्रकार जुनाच. शिमग्यातील संकासुर काळ्या वेषात अंगावर धावून येतो. पोरे किंचाळत पळतात आणि पुन्हा त्याच्याच पुढ्यात जाऊन उभी राहतात. जे भय आपण होऊन जवळ करावे, तेच गोड लागते.

परंतु आपण हसतो कोणाला? बाहुल्याला थोडे, लक्ष्याला फार. लक्ष्मीकांत बेर्डे यांची ती तारांबळ पाहून हसू आवरत नाही, हे खरे. पण त्या बिचाऱ्याचा जीव खरोखरच धोक्यात असतो आणि त्याच्या बोलण्यावर कोणाचाही विश्वास बसत नसतो. घरातील आजी मध्येच म्हणाल्या, “अरे, तो खरं सांगतोय, आणि तुम्ही हसता काय!” आम्ही वरमलो.

असे चित्रपट अंधश्रद्धा वाढवितात, असा आक्षेप आहे. तो अगदीच पोकळ नाही. चित्रपटातला मंत्र फळतोच. तरीही एखाद्या स्त्रीला चेटकीण ठरवून गाव तिच्यावर उठतो, तेव्हा तेथे कोणीही हसत नसते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो अशा गंभीर चेहऱ्यांसाठी. लक्ष्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, येथे सारेच ठेवितात. आणि दोन्हीकडे एकटे पडलेल्या माणसाचे ऐकून घेणारे कोणी नसते.

असो. अखेर धाकटा नातू आजींचे बोट धरून मागील दारी गेला. जाताना मात्र तो बाहुला ठेवलेल्या कपाटाला बाहेरून कडी घालावयास विसरला नाही.