चार आण्यांचा गेंडा

३० जून २०११ पासून या देशात सव्वा रुपया रोख मोजून देणं कायद्याने अशक्य होऊन बसलं आहे. त्या दिवशी पंचवीस पैसे आणि त्याखालची सारी नाणी चलनातून बाद झाली. पन्नास पैशांचं नाणं तेवढं कायद्याने अजून जिवंत आहे. खात्री करायची असेल तर रिक्षावाल्याला देऊन पाहा. (मी पाहिलेलं नाही. मला घरी वेळेवर पोचायचं असतं.) त्याआधीचे काही दिवस मी काउंटरवर बसून चार आणे मोजत होतो. एक आजी साखरेचा डबा भरून नाणी घेऊन आल्या. मोजून नोटा हातात ठेवल्या तर म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे हो, पण आता सत्यनारायणापुढे सव्वा रुपया ठेवायचा कसा?" यावर परिपत्रकात काही नव्हतं. मी म्हटलं, "सव्वाशे ठेवा, आजी." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की चार आणे जणू मीच बंद केले होते. मग कनवटीचा एक रुपया काढून माझ्यापुढे ठेवला, चार नाणी डब्यात परत टाकली आणि गेल्या.

तर वस्तूची किंमत ठरवतो कोण? बी.कॉम.ला हा प्रश्न आम्हाला पडला नाही, कारण तो परीक्षेला नव्हता. शिल्लक मालाची किंमत खरेदीची किंवा बाजारातली, जी कमी असेल ती धरावी, एवढं पाठ केलं की भागत असे. पाण्यावाचून माणूस मरतो तरी पाणी स्वस्त आणि हिऱ्यावाचून कुणाचं अडत नाही तरी हिरा महाग, हे कोडं अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली घालून ठेवलं आहे. आमच्या सोसायटीत पाण्याचे टँकर यायला लागल्यापासून त्यातलं निम्मं सुटलं.

पण मूळ प्रश्न पुन्हा उभा राहिला तो थेट अमेरिकेत, ऑरेगॉन राज्यातल्या एका झाडाच्या बुंध्याशी, आणि तोही आमच्या अण्णांमुळे. अण्णा निवृत्त पोस्टमास्तर. सरकारी टाचणी घरी आणली नाही असा माणूस. दादा तिकडे हिल्सबरोला असतो. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने ठरवलं, की आजोबांना कॅम्पिंगला न्यायचं. दादाने दोघांना सिल्व्हर फॉल्सला नेलं, तंबू ठोकून दिला आणि स्वतः मोटारीत लॅपटॉप उघडून बसला.

तिथला वृत्तान्त मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. अण्णा तिथेही अंतर्देशीय पत्रच लिहितात: 'चि. यास अनेक आशीर्वाद. वि. वि.' धबधबा एकशे सत्त्याहत्तर फुटांचा असून पाण्याच्या मागून चालत जाता येतं, हे एका वाक्यात उरकून त्यांनी पुढच्या बारा ओळी सरपणावर खर्ची घातल्या होत्या. दाट जंगलात बसून जळणाची मोळी विकत घ्यावी लागते! घरून लाकडं आणू नका असंही सांगतात, कारण त्यांतून परगावची कीड येते. 'पैसे देऊन पावती घेतली आहे.'

खरा कार्यक्रम होता जिओकॅशिंगचा. हा खेळ त्याच मुलखातला. अमेरिकन सरकार उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम चूक घुसवत असे, ती २ मे २००० रोजी बंद केली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत वही, पेन्सिल, किरकोळ वस्तू आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा. (आता खाण्याचे पदार्थ ठेवायला बंदी आहे, वासाने जनावरं येतात.) आज जगभर असे डबे लपवलेले आहेत. शोधायचा, वहीत सही करायची, जागच्या जागी ठेवायचा. आतली वस्तू घेतलीत तर तेवढ्याच किंवा अधिक किमतीची वस्तू आत ठेवायची. तपासनीस कुणी नाही. आमच्या खात्यात असा नियम केला, तर संध्याकाळपर्यंत खुर्च्या जातील.

अण्णांना अक्षांश-रेखांश पटकन पटले. 'हा पूर्ण पत्ता आहे. अमक्याच्या मागे, तमक्याच्या समोर नाही.' उद्यानाच्या हद्दीबाहेर, रस्त्याकडेच्या एका बुंध्याच्या ढोलीत डबा सापडला. त्यात एक इवलंसं होकायंत्र होतं आणि नातीला ते हवं होतं. बदल्यात द्यायला आणलेलं रबर आधीच्या डब्यात खर्ची पडलेलं. अण्णांच्या पाकिटात निघाली दोन नाणी. एक अमेरिकन पंचवीस सेंटांचं, दुसरं आपलं पंचवीस पैशांचं, गेंड्याचं चित्र असलेलं.

नात म्हणाली, "गेंडा ठेवू या." अण्णा म्हणाले, "ते बाद नाणं आहे. त्याची किंमत शून्य." ती म्हणाली, "पण त्याच्यावर गेंडा आहे!" अण्णांच्या मते सेंट ठेवणं सरळ होतं. रक्कम कमी पडेल, पण पैसा खरा. नातीच्या मते सेंटासाठी रानात कोण येईल, तो तर सोफ्याच्या गादीखालीही सापडतो. निकाल लागेना. अण्णांनी होकायंत्र डब्यात परत ठेवलं. पोरगी तंबूपर्यंत बोलली नाही. तिने रात्री शेकोटीवर मका भाजला आणि आजोबांना देताना कणसाकडे पाहून दिला.

रात्रभर अण्णांना झोप नाही. ते सांगतात, जमीन कडक होती. पहाटे त्यांनी नातीला उठवलं, दोघं मैलभर चालत पुन्हा त्या झाडाशी गेले. होकायंत्र घेतलं, गेंडा ठेवला, सेंटही ठेवले. इथवर कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. पण अण्णांनी वहीत आपल्या पोस्टातल्या गोल इंग्रजी अक्षरांत नोंद केली: 'सोबतचे भारतीय नाणे ३० जून २०११ पासून चलनात नाही.' नात संतापली. "तुम्ही त्याला वाइट केलंत!"

दादाचं मत अण्णांच्या बाजूने. माझी सौ. नातीच्या बाजूने. मी दोन दिवस विचार केला. काउंटरवर असतो तर अण्णांची नोंद मी डोळे मिटून पास केली असती. देणाऱ्याने दोष सांगावा, ही व्यवहाराची पहिली अट. पण व्यवहारात घेणाराही बाजारभाव विचारत असतो. रानात चिखल तुडवत येणारा माणूस बाजारभावासाठी आलेला नसतो. त्याला 'हे खोटं नाणं आहे बरं का' असं सांगणं म्हणजे देवापुढे सव्वा रुपया ठेवून, यातले चार आणे बाद आहेत, असं गुरुजींच्या कानात सांगण्यासारखं आहे. देवाने त्यावर काय करायचं? आणि तरीही अण्णांनी ती नोंद केली नसती, तर ते अण्णा राहिले नसते, हेही मला दिसतं. खरं बोलण्याची सवय माणसाला फार उशिरा लागते, ती एका गेंड्यासाठी मोडावी असं मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

तीन आठवड्यांनी दादाचा फोन आला. कुणीतरी तो डबा उघडला होता आणि इंटरनेटवर दोन ओळींची नोंद केली होती: गेंडा घेतला, पितळी बटण ठेवलं. नाण्याची तारीख कळवल्याबद्दल आभार. पंचवीस सेंट आत तसेच आहेत.

हे दोघांनीही आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून ठेवून घेतलं आहे. मला अण्णांचा निरोप आला: 'देवघरातल्या डबीत चार आणे किती आहेत ते मोजून कळव. येणाऱ्या कुणाबरोबर पाठव. झिजलेले नकोत. शिंग स्पष्ट दिसले पाहिजे.'

अकरा आहेत. दोघांची शिंगं गेली आहेत.