वाचकाची काटकसर

खरेदी कमी करावी आणि वाचन वाढवावे, हा उपदेश सुशिक्षित कुटुंबांत हल्ली वारंवार कानी येतो. उपदेश वाईट नाही. परंतु जो उपदेश ऐकताना कोणाच्याच कपाळाला आठी पडत नाही, तो एकदा उलटून पाहावा, असे मला नेहमी वाटते.

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे एके काळचे शेतीवाडीचे गाव. शेजारच्या हिंजवडीस माहिती-तंत्रज्ञानाचे उद्यान उभे राहिले आणि मारुंजीच्या शिवारातही टोलेजंग इमारती आल्या. येथील कुटुंबास आज बाजारास जावे लागत नाही. बाजारच दुचाकीवर बसून दारी येतो. पूर्वी खरेदीच्या वाटेत कितीतरी अडथळे असत. आठवड्याच्या बाजाराचा वार ठरलेला, पायपीट चुकत नसे, दुकानदाराच्या वहीत मागील बाकी दिसे, आणि घरातील वडीलधाऱ्यांची नजर पिशवीवर असे ती निराळीच. ज्याला आपण पूर्वजांचा संयम म्हणून गौरवितो, त्याचे निम्मे श्रेय या अडथळ्यांस दिले पाहिजे. ते दूर झाल्यावर संयमाचा सारा भार एकट्या मनावर पडला, आणि मनाला इतक्या ओझ्याची सवय कधीच नव्हती.

अशा वेळी वाचन उपयोगी पडते, ते का, याचा थोडा विचार करू. खरेदीचे सुख मुख्यत्वे अपेक्षेत असते. वस्तू मागविली, तिची वाट पाहिली, खोके उघडले, की ते सुख ओसरू लागते. पुस्तकाचे सुख उघडल्यानंतर सुरू होते. म्हणून ज्याची संध्याकाळ पुस्तकाने भरली, त्याला खरेदीचा त्याग करावा लागत नाही. त्याला तिची आठवणच कमी होते. येथे वाचतो तो पैसा दुय्यम होय. थोरोने ‘वॉल्डन’ या 1854 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वस्तूची किंमत तिच्यासाठी वेचाव्या लागणाऱ्या आयुष्याच्या मापाने मोजली, ती याच दृष्टीने. मात्र ज्या जमिनीवर थोरोची ती झोपडी उभी होती, ती जमीन एमर्सनची होती, ही गोष्ट त्याचे चाहते सहसा सांगत नाहीत.

तेव्हा प्रश्न असा की, वाचकाच्या साधेपणाचा खर्च कोण सोसतो?

पुस्तकांची खरेदी ही खरेदीच नव्हे, असे मानणारा एक वर्ग आहे. त्यात पुरुष पुष्कळ आणि माझे समव्यवसायी त्याहून अधिक. पत्नीने साडी घेतली तर ती हौस. आपण न वाचलेल्या ग्रंथांच्या ढिगावर आणखी एक ग्रंथ ठेवला तर तो व्यासंग! अशा ढिगासाठी जपानी भाषेत ‘त्सुंदोकू’ असा स्वतंत्र शब्द आहे. या रोगावर उतारा आपल्याकडे जुनाच आहे. पुण्यास 1848 साली सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले; आजचे पुणे नगर वाचन मंदिर ते हेच. तेथून आणलेले पुस्तक परत करायचे असते, आणि त्या मुदतीच्या धाकानेच ते वाचले जाते. पण हा मुद्दा किरकोळ आहे.

खरा कठीण दाखला डॉ. आंबेडकरांचा. 1913 साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुनी पुस्तके जमविली. पुढे 1920 नंतर लंडनमध्ये अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात ते सकाळपासून दार बंद होईपर्यंत वाचीत बसत. हे आपण मुलांना कौतुकाने सांगतो, आणि सांगावेच. पण त्याच काळात मुंबईत परळच्या चाळीत रमाबाई ज्या हालांत संसार चालवीत होत्या, ती काटकसर कोणत्या वाचनासाठी होती? ती त्यांनी स्वतःच्या वाचनासाठी केली नव्हती. बाबासाहेबांना याचा विसर पडला नाही. रमाबाई 1935 साली वारल्या. ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण करताना त्यांच्या धीराची आणि बरोबरीने दुःख सोसण्याच्या तयारीची नोंद त्यांनी केली. शिवाय त्या वाचनाचे फळ लक्षावधी माणसांच्या पदरात पडले. आपण निजण्यापूर्वी कादंबरी वाचणारी माणसे. आपल्या छंदासाठी घरातील दुसऱ्या कोणी मन मारावे, असे म्हणताना हा दाखला पुढे करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मारुंजीहून काही मैलांवर देहू आहे. तुकोबा व्यवसायाने दुकानदार. देणे-घेणे हा घरचाच व्यवहार. वैराग्य आल्यावर त्यांनी सावकारीची कागदपत्रे इंद्रायणीत बुडविली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिचा एक भाग आपण घाईने ओलांडतो. त्यांनी सगळी कागदपत्रे बुडविली नाहीत. निम्म्यांवर धाकटे बंधू कान्होबांचा हक्क होता. ती निराळी काढून त्यांच्या स्वाधीन केली, आणि आपल्या वाट्याची तेवढी पाण्यात टाकली. त्यानंतर भंडाऱ्याच्या डोंगरावर एकनाथांच्या भागवताचे वाचन-मनन झाले, असे परंपरा सांगते. विरक्तीच्या ऐन भरातही वाटणी करण्याचे भान राहिले, हे मला त्या कथेतील सर्वांत थोर अंग वाटते. अर्थात, डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी आवलीही याच परंपरेत आहे; तिची वाटणी कोणी केली नाही.

ज्या घरी दोघेही मिळवतात, तेथे हा हिशोब सोपा असावा. प्रत्यक्षात तो तितका सोपा नसतो. संध्याकाळी दिव्याखाली पुस्तक घेऊन बसलेला गृहस्थ कमी खर्चाचा असतो खरा. पण तो बसला असता मुलांचा अभ्यास कोण घेते आणि दारी आलेले सामान कोण लावते, याची नोंद घराच्या जमाखर्चात होत नाही. ती वही एकदा दोघांनी मिळून उघडावी. त्यात साडी आणि ग्रंथ एकाच रकान्यात लिहावेत, आणि शेजारी वाचनाचे तासही मांडावेत, दोघांचेही.