दुपारचा अर्धा तास

सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी सभा घेतल्या आणि सरकारने नेमलेल्या आयोगासाठी एक अर्ज तयार केला. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. मागण्या मोजक्याच होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पंधरा तारखेच्या पुढे जाऊ नये. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा. आणि आणखी एक मागणी, जिच्यापाशी आजचा वाचक थबकतो: दुपारी अर्धा तास सुट्टी मिळावी.

जेवायला अर्धा तास. तोही लेखी मागावा लागला.

या अर्जामागे नारायण मेघाजी लोखंडे होते. १८४८ साली ठाण्यात जन्मलेले, जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलं होतं, त्यामुळे खात्यात दुपार कशी जाते हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. १८८१ चा पहिला कारखाना कायदा फक्त लहान मुलांच्या कामाचे तास मोजत होता. मोठ्यांसाठी मर्यादाच नव्हती. उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचे चालत आणि माणसं आळीपाळीने, चालत्या यंत्राच्या आवाजात, कापसाच्या तुसात चार घास खात. जेवणाची वेळ नव्हती असं नाही. जेवताना काम थांबत नव्हतं.

मागणी मान्य व्हायला वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. मग १८९१ चा कायदा आला आणि त्याने दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान किमान अर्धा तास काम थांबवायला लावलं. लोखंड्यांच्या मागणीतलं शहाणपण इथे दिसतं. एकेकट्याला सवड मागितली असती तर शेजारचा साचा चालूच राहिला असता, मुकादमाची नजर फिरतच राहिली असती आणि जो उठला तो कामचुकार ठरला असता. घंटा सगळ्यांसाठी वाजली आणि यंत्र थांबलं, तरच विसावा खरा.

गिरणगावाने पुढे ज्या आवाजावर आपलं आयुष्य लावून घेतलं तो भोंग्याचा. पाळी सुरू झाली की भोंगा, सुटली की भोंगा. चाळीतल्या पाण्याची, स्वयंपाकाची, मुलांच्या शाळेची वेळ त्याच आवाजावर ठरायची. वेळ मात्र कामगाराच्या मालकीची कधीच नव्हती. जानेवारी १९०६ मध्ये मुंबईच्या स्थानिक वेळेच्या जागी ३९ मिनिटं पुढे असलेली नवी प्रमाणवेळ गिरण्यांत लागू होऊ लागली, तेव्हा कामगारांनी काम बंद ठेवलं आणि गिरणीच्या घड्याळावर दगड मारले. घड्याळावरच्या त्या रागाला नुसतं अडाणीपण म्हणणं अन्यायाचं आहे. आपल्याला न विचारता कोणीतरी आपली सकाळ अलीकडे ओढली, एवढं त्यांना नेमकं कळलं होतं.

या गोष्टीत एक माणूस नेहमी राहून जातो. भोंगा वाजायच्या आधी डबा भरून ठेवणारी बाई. खाणावळ चालवणाऱ्या बायका तर दहा-वीस कामगारांना रोज जेवू घालत. प्रत्येकाची पाळी वेगळी, म्हणून चूल तिन्ही पाळ्यांना पेटती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठे त्यांच्या श्रमाला नाव मिळालं आणि बँकेचं दार उघडलं. पण दुपारच्या अर्ध्या तासाचा कायदा त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला नाही. कामगारांची सुट्टी हीच त्यांच्या कामाची सर्वांत घाईची वेळ होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. नंतर एकेक करत गिरण्या बंद पडल्या आणि भोंगे थांबले. आता गजर प्रत्येकाच्या खिशात आहे. अकरा वाजताच्या बैठकीचा, अडीचच्या फोनचा, चारला अहवाल पाठवण्याचा. घरून काम करणारे, कंत्राटावर लिहिणारे, परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी दिवसाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला गजर बांधतात, आणि त्यात गैर काहीच नाही. दुपारी ते आवश्यकही असतं. दुपारी एक ते तीनच्या सुमारास शरीराची सावधता आपोआप उतरते. जेवण जड झालं म्हणूनच नव्हे, उपाशी असलेल्यालाही हा उतार जाणवतो, कारण तो शरीराच्या चोवीस तासांच्या लयीचाच भाग आहे. अशा वेळी बाहेरून आलेला एक आवाज हातातलं काम सोडून पुढच्या कामाकडे वळवतो.

इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं टायमर समोर ठेवून २५ मिनिटं अभ्यास आणि मग थोडी विश्रांती अशी पद्धत बसवली. ती आज जगभर वापरली जाते. मराठी माणसाला तो हिशेब परका वाटू नये. पूर्वी वेळ मोजायला तळाला बारीक भोक असलेलं वाटीसारखं पात्र पाण्यावर तरंगत सोडायचे. ते भरून बुडालं की एक घटका झाली. घटका म्हणजे २४ मिनिटं. आणि आपल्या बोलण्यात ती बहुतेक वेळा येते ती थांबण्यासाठीच: घटकाभर बस, घटकाभर टेक, घटकाभर विसावा घे.

फोनमधल्या गजरांची यादी एकदा या नजरेने पाहिली तर काही वेगळंच दिसतं. सुरू करा, पाठवा, भेटा, निघा. थांबण्याचा गजर जवळजवळ कोणाच्याच यादीत नसतो. असला तरी तो बाजूला सारायला एक बोट पुरतं, कारण तो एकट्यासाठीच वाजलेला असतो. साहेबांचा निरोप चालू असतो, गटावर चर्चा चालू असते. साचा थांबलेला नसतो. मग दोष माणसाच्या शिस्तीला दिला जातो, आणि तो चुकीच्या जागी दिला जातो.

सगळ्यांसाठी वाजणारी घंटा काय करू शकते, याचं साधं उदाहरण केरळचं. २०१९ मध्ये तिथल्या शाळांतून ‘वॉटर बेल’ सुरू झाली. दिवसातून काही ठरावीक वेळा घंटा होते आणि वर्गातली सगळी मुलं पाणी पितात. स्वच्छतागृहात जावं लागू नये म्हणून मुली दिवसभर पाणी टाळतात, हे शिक्षकांना ठाऊक असतं. एकट्या मुलीने उठून पाणी पिणं आणि मग बाहेर जायची परवानगी मागणं तिला अवघड वाटतं. घंटेने परवानगी मागण्याची गरजच काढून टाकली. पुढे कर्नाटक आणि तेलंगणानेही ती घेतली.

संयुक्त अरब अमिरातीत, जिथे अनेक मराठी माणसं कामाला आहेत, १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करवून घ्यायला बंदी आहे. ती मोडणाऱ्या कंपनीला कामगारामागे दंड भरावा लागतो. विदर्भात मे महिन्यात शेतमजूर पहाटेच कामाला लागतात आणि ऊन चढायच्या आत परततात, ते कोणत्याही नियमाविना, पिढ्यांच्या अनुभवाने. पण रस्त्याच्या डांबरावर, इमारतीच्या स्लॅबवर आणि दुचाकीवरून जेवण पोहोचवताना दुपार तशी वळवता येत नाही. भर उन्हात दोन वाजता मागवलेलं जेवण कोणीतरी भर उन्हातच आणून देतो. त्याच्या फोनवरही गजर वाजतो, तो पुढच्या ऑर्डरचा.

इथे प्रश्न वेळेच्या नियोजनाचा राहत नाही. आपला दिवस आपण जितका घट्ट आखतो, तितका कोणाचा तरी दिवस मोकळा ठेवावा लागतो. अडीचची बैठक ठेवणाऱ्याने सव्वादोनला समोरच्याचं जेवण झालं का, हे पाहायला हवं. दुपारी तीन घरांची भांडी घासणाऱ्या बाई स्वतः किती वाजता जेवतात, हे त्या तिन्ही घरांतल्या किती जणांना माहीत असतं? सोसायटीच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक डबा उघडतो तेव्हा फाटकाकडे कोण बघतं? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली. घरकामाला ती ओळ लागू नव्हती. तिथे ती मालकिणीच्या आणि मालकाच्या मनावरच राहिली.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक गोष्ट ठरवली. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल, घराघरांतला टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद राहतील, मुलं अभ्यासाला बसतील, साडेआठला पुन्हा भोंगा होईल. गिरणीचा भोंगा मालकाने लावला होता. हा गावाने एकमेकांशी बोलून लावला. घरोघरी जाऊन समजावावं लागलं, आणि बायकांनी तो निर्णय उचलून धरला. वेळ संध्याकाळची आहे, पण दुपारसाठी यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. एका कार्यालयाला, एका दुकानाला, निदान एका घराला ठरवता येतं की अमुक अर्धा तास कोणी कोणाला फोन करणार नाही, काम सांगणार नाही. ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याने आधी थांबावं. हाताखालचा माणूस पहिला थांबू शकत नाही.

ज्यांच्या फोनमध्ये कामाचे पाच-सात गजर आहेत, त्यांनी या आठवड्यात आणखी एक लावून पाहावा, दुपारी एकचा. तो वाजला की समोरची खिडकी बंद करावी, स्वयंपाकघरात जावं आणि घरातलं कोण अजून जेवायचं राहिलं आहे, ते विचारावं.