पाच कारणे आणि कर्त्याचा शीण

श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात, संन्यास आणि त्याग यांचा निर्णय झाल्यावर, भगवान श्रीकृष्ण चक्रवर्ती अर्जुनाला कर्माची पाच कारणे निरूपण करतात. अधिष्ठान, कर्ता, करण, नानाविध चेष्टा आणि पाचवे दैव. शरीराने, वाणीने अथवा मनाने मनुष्य जे जे कर्म आरंभतो, ते न्यायाचे असो की अन्यायाचे, त्याच्या मुळाशी ही पाचही असतात. लगेच पुढे देवांनी याचा कठोर निष्कर्ष काढला आहे. वस्तुस्थिती अशी असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याच्या बुद्धीवर संस्कारच झालेला नाही, त्याला वस्तू दिसत नाही, असा त्याचा आशय आहे.

या प्रकरणाचा विचार बहुधा बंध-मोक्षाच्या अंगाने केला जातो आणि ते उचितच आहे. परंतु ज्याच्या शब्दावर पाच-पन्नास अथवा पाच-दहा हजार माणसांचे काम चालते, अशा पुरुषाला हे निरूपण दररोज सकाळी उपयोगी पडणारे आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. गावचा सरपंच, शाळेचा मुख्याध्यापक, कचेरीतील वरिष्ठ अधिकारी, संस्थेचा चालक, इतकेच नव्हे तर आश्रमाचा महंत, या सर्वांच्या तोंडी आज एकच गाऱ्हाणे आहे : कामाचा ताण सोसत नाही. हा ताण कामाच्या राशीतून येतो अशी सर्वांची समजूत आहे. शास्त्रदृष्टीने पाहता तो बव्हंशी कारणांच्या घोटाळ्यातून येतो. काम जितके असते तितकेच असते. पण पाच जणांचा भाग एकट्याने स्वतःच्या खाती मांडला की त्याचे ओझे पाचपट होते.

दृष्टांत : कोणी एक उपदेशी पुरुष सहकारी साखर कारखान्याचा कार्यकारी संचालक होता. हंगाम ऐन भरात आलेला. मध्यरात्री अवकाळी पाऊस झाला. रानात चिखल झाल्यामुळे ट्रॅक्टर निघेनात, तोडलेला ऊस बांधावर पडून राहिला, गव्हाणीत ऊस नाही म्हणून गाळप थांबले. त्याच वेळी बॉयलरच्या एका नळीला गळती लागली. शेतकी अधिकारी दूरध्वनी करतो, मुख्य अभियंता दूरध्वनी करतो, टोळीचा मुकादम करतो, एक संचालक करतात आणि ज्यांचा ऊस रानात वाळत आहे ते सभासदही करतात. उसाची किंमत 14 दिवसांच्या आत द्यावी, विलंब झाल्यास 15 टक्के दराने व्याज द्यावे, असे बंधन 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने घातले. त्या देण्याची तारीखही उशाशी उभी. तो पुरुष रात्रभर अंगणात फेऱ्या घालीत राहिला. पहाटे स्मरणाला बसला तेव्हा ओठांवर नाम आणि चित्तात बॉयलर. असे तीन महिने चालले. पुढे नित्यविधी सुटला. घरात बोलणे तुटक झाले. धाकट्या मुलीने एकदा आईला विचारले, बाबा आपल्यावर रागावले आहेत का? महंतांच्या दर्शनाला जाण्याचेही तो टाळू लागला, कारण नित्यविधीविषयी विचारले तर काय सांगावे, ही लाज.

दार्ष्टांतिक : त्या एका रात्रीचे पाच कारणांत विभाजन करून पाहावे. अधिष्ठान म्हणजे कर्म जेथे उभे राहते तो आधार. भाष्यकारांनी त्याचा अर्थ शरीर असा केला आहे. येथे ते रान, तो रस्ता, तो कारखाना आणि या पुरुषाचा स्वतःचा देहही त्यात आला. करण म्हणजे साधन. मूळ अर्थाने इंद्रिये. विस्ताराने बॉयलर, गाड्या, वजनकाटा. नानाविध चेष्टा म्हणजे शेकडो हातांचे वेगवेगळे व्यापार. थंडीत पहाटे उठून कोयता चालविणाऱ्या बाईची चेष्टा तिची आहे, ती संचालकाला करता येत नाही. पाऊस हे दैव. उरला कर्ता. त्याच्या वाट्याचे काम त्या रात्री किती होते? अभियंत्याला दुरुस्तीची अनुज्ञा देणे, कोणत्या गटातील तोडणी थांबवून कोणत्या निचऱ्याच्या रानात टोळी न्यावी याविषयी शेतकी अधिकाऱ्याचे मत ऐकून होकार देणे, आणि टोळ्यांच्या खोपीत पाणी शिरले असल्यास त्यांना सुक्या जागी हलविण्याची आज्ञा करणे. एवढ्याला अर्धा तास पुरे होता. उरलेली रात्र त्याने पावसाचे काम केले, नळीचे काम केले, ट्रॅक्टरच्या चाकांचे काम केले. आणि यांपैकी एकही काम त्याच्याकडून झाले नाही, कारण ती त्याची नव्हतीच. शिवाय तिसरी आज्ञा, जी खरोखर त्याचीच होती, ती या गोंधळात सकाळपर्यंत राहून गेली. माणसे भिजत बसली. कर्तेपण सर्वत्र पसरले की जेथे ते हवे तेथेच उणे पडते, हा या दृष्टांतातील मुख्य अंश होय.

येथे शंका उत्पन्न होते. मग सर्व दैवावर आणि दुसऱ्यांवर टाकून कर्त्याने स्वस्थ निजावे काय? आळशाला हे निरूपण फार गोड वाटेल, म्हणून देवांनी त्याच अध्यायात कर्त्याचे तीन प्रकार सांगून ती वाट बंद केली आहे. सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत अनासक्ती आणि निरहंकार यांच्या जोडीला धैर्य व उत्साह हे दोन्ही स्पष्टपणे घातले आहेत. निरुत्साही मनुष्य सात्त्विक ठरत नाही. राजस कर्ता फळाच्या आशेने बांधलेला, क्षणात हर्षित, क्षणात शोकाकुल. तामस कर्त्याच्या लक्षणांत विषादी आणि दीर्घसूत्री ही पदे एकमेकांना लागूनच आली आहेत. आजचे काम उद्यावर, उद्याचे परवावर ढकलणारा तो दीर्घसूत्री. हा शेजार विचार करण्यासारखा आहे. निर्णय लांबविला म्हणून ओझे हलके होत नाही, न झालेले काम खिन्नतेच्या रूपाने चित्तात बसते. पुष्कळ अधिकाऱ्यांचा ताण केलेल्या कामाचा नसतोच. मेजावर आठ दिवस उलटून-पालटून ठेवलेल्या एका कागदाचा असतो.

स्वतः अर्जुनाची अवस्था पाहावी. गात्रे गळाली, तोंड कोरडे पडले, अंगाला कंप सुटला, गांडीव हातातून निसटू लागले, त्वचेचा दाह होऊ लागला, उभे राहवेना, मन भोवंडले. पहिल्या अध्यायातील हे वर्णन आजच्या एखाद्या वैद्याने टिपून घ्यावे इतके नेमके आहे. पांडवांकडे सात अक्षौहिणी, समोर अकरा. आणि या सर्वांचा विनाश आपल्याच हातून व्हायचा, ही भावना. परंतु पांडवसैन्याचा सेनापती अर्जुन नव्हता, धृष्टद्युम्न होता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. ज्याच्याकडे पद नव्हते त्याने सर्व भार मनाने उचलला होता. देवांनी त्याला युद्ध लहान असल्याचे सांगितले नाही, घरी जाण्यासही सांगितले नाही. ज्ञान सांगून संपल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर, असा निर्णय त्याच्यावर सोपविला. साक्षात परमेश्वर अवतार सन्मुख असता निर्णयाचा भाग अर्जुनाकडेच राहिला. वरिष्ठांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. कारण हाताखालच्याला काम सांगायचे आणि त्याचा निर्णय मात्र स्वतःच्या मुठीत ठेवायचा, ही रीत सर्वत्र बोकाळली आहे. तिच्यामुळे वरच्याला झोप नाही आणि खालच्याला वाढ नाही.

करणांविषयी द्रोणपर्वातील एक प्रसंग फार बोलका आहे. युद्धाचा चौदावा दिवस. अभिमन्यूचा वध झाला होता, आणि सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, न मारल्यास अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. इतकी घट्ट मुदत कोणाच्या वाट्याला येणार? जयद्रथ सैन्याच्या पार मागच्या बाजूस होता आणि सूर्य ढळत चालला होता. अशा वेळी रथाचे घोडे बाणांनी विद्ध झाले, थकले. सामान्य मनुष्याने चाबूक उगारला असता. तेथे अर्जुनाने घोडे सोडून त्यांच्या अंगातील शल्ये काढावीत असे सुचविले आणि देवांनी ते मान्य केले. रणाच्या ऐन मध्यात रथ थांबला. अर्जुन पायउतार होऊन चहूकडून येणारे सैन्य थोपवीत राहिला. घोड्यांना प्यायला पाणी नाही म्हटल्यावर त्याने बाणाने भूमी भेदून जलाशय निर्माण केला, बाणांचेच घर उभारले. देवांनी स्वहस्ते घोड्यांची शल्ये काढली, त्यांचे अंग चोळले, त्यांना पाणी पाजले. मग पुन्हा रथ जोडला आणि तो पहिल्या वेगाने निघाला.

इंद्रियांना घोड्यांची उपमा जुनीच आहे. तेव्हा ज्या दिवशी एक घटका दवडणेही अशक्य वाटते, त्याच दिवशी करणांना विसावा देण्याचे काम स्वतः देवांनी केले, हे वाचून कोणत्या कारभाऱ्याने असे म्हणावे की हंगाम संपल्यावर झोपेन, मार्च उलटल्यावर स्मरण करीन? सहाव्या अध्यायात आहार, विहार, निद्रा, जागृती आणि कर्मातील चेष्टा या सर्वांना एकच माप लावले आहे, ते युक्ततेचे. अति खाणारा व मुळीच न खाणारा, अति झोपणारा व अति जागणारा, या चौघांनाही योग साधत नाही. रात्री जागणे म्हणजे निष्ठा, जेवण चुकविणे म्हणजे कर्तव्यदक्षता, ही समजूत त्या मापाने टिकत नाही. येथे व्यवहाराचीही एक गोष्ट सांगणे अवश्य आहे : छातीत दुखणे, दम लागणे, आठवडेच्या आठवडे झोप न येणे, जगणे नकोसे वाटणे, ही शल्ये बाणांची आहेत, ती काढण्यास वैद्याकडे जावे. नामस्मरणाने औषध चुकवू नये. घोड्याच्या अंगात बाण तसाच ठेवून त्याला थोपटल्याने काही होत नसते.

पंथाच्या इतिहासात या सर्वाचे आचरलेले रूप आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्यांच्या ठायी दिसते. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. श्रीप्रभूंच्या पश्चात मार्गाचा सारा भार आचार्यांवर आला. त्या भाराखाली ते दबले नाहीत याचे कारण स्मृतिस्थळ वाचणाऱ्याला पानोपानी दिसते. लीळा गोळा करण्याचे काम म्हाइंभटांचे. त्यांनी गावोगाव जाऊन, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून ते केले. सूत्रे आणि दृष्टांत यांची जुळणी केसोबासांची. यांपैकी एकही ग्रंथ आचार्यांच्या हातचा नाही, तरी त्यांच्यावाचून एकही झाला नसता. कारण लीळा पारखून घेणे हे त्यांनी आपले मानले. आणखी एक निर्णय त्यांनी स्वतःकडे ठेवला. केसोबासांचा कल संस्कृतात रचना करण्याकडे होता. तसे केल्याने पंथातील म्हाताऱ्या स्त्रिया स्वामींच्या वचनाला अंतरतील, म्हणून आचार्यांनी त्यांना परावृत्त केले. पंडिताचे पांडित्य पंडिताकडे राहू दिले, ते कोणासाठी खर्चावे एवढेच सांगितले. मराठी भाषेवर या एका वाक्याचे ऋण किती, हा निराळा विषय आहे.

आजचे काही आश्रम याच्या उलट चालतात, हे नम्रपणे पण स्पष्ट म्हटले पाहिजे. बांधकामाची वाळू महंतांनी पाहायची, यात्रेच्या पंक्तीतील मीठ महंतांनी पाहायचे, वर्गणीची पावती महंतांनीच फाडायची. आणि सायंकाळी निरूपणाला बसताना कंठातून शब्द निघत नाही. अटन-विजनाचा आचार ज्यांनी घेतला त्यांना विजन मिळेनासे झाले आहे. गृहस्थाने मग कोणाकडे पाहावे?

त्या दृष्टांतातील पुरुष शेवटी आपल्या महंतांकडे गेला. चार महिन्यांनी गेला. त्यांनी नित्यविधीविषयी काहीच विचारले नाही. एक कोरी वही दिली आणि निजण्यापूर्वी दिवसाची अडचण पाच रकान्यांत मांडायला सांगितले. दैवाच्या रकान्यात लिहिलेले त्या रात्री पुन्हा वाचायचे नाही, करणांच्या व चेष्टेच्या रकान्यापुढे ज्याचे काम त्याचे नाव लिहायचे, आणि कर्त्याच्या रकान्यात जे उरेल ते दिवा मालविण्यापूर्वी करून टाकायचे, निदान कधी करणार ते लिहायचे. पहिल्या आठवड्यात त्याने सगळेच कर्त्याच्या रकान्यात लिहिले. ती पाने महंतांनी परत पाठविली. पुढच्या हंगामात फेब्रुवारीत पुन्हा पाऊस आला, गाळप पुन्हा थांबले. त्याने दोन दूरध्वनी केले. पहिला टोळ्यांच्या खोपींसंबंधी होता. मग वही मिटली. पहाटे उठून तो स्मरणाला बसला तेव्हा कारखान्याचा भोंगा अजून वाजला नव्हता, आणि तो कधी वाजेल याकडे त्याचे कान मात्र लागलेलेच होते. स्मरणात तीनदा खंड पडला. चौथ्यांदा त्याने पुन्हा आरंभ केला.