काय लागलं तर सांगा

गारगोटीजवळच्या एका वाडीत एक माजी हवालदार राहत होता. मराठा लाइट इन्फंट्रीत उमेदीची वर्षं काढून तो पेन्शनीत आला होता. पेन्शन, रात्रपाळीची वॉचमनची नोकरी आणि 30 गुंठे भातशेती यावर घर बरं चाललं होतं. आषाढातल्या एका सकाळी रोपलावणीसाठी चिखल करून तो बांधावर टेकला, छातीत कसंतरी होतंय म्हणाला आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपला. वय 44. मागं बायको, म्हातारी आई, अकरावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा.

वाडीनं काही कमी केलं नाही. 1942 च्या स्वातंत्र्यलढ्यात कचेरीवर चालून जाताना जिथं सात जण हुतात्मा झाले, त्या गारगोटीच्या परिसरात देशासाठी झिजलेल्या माणसाचं मोल कुणाला सांगावं लागत नाही. अंत्ययात्रेला पाय ठेवायला जागा नव्हती. चौकात श्रद्धांजलीचा मोठा फ्लेक्स लागला. रक्षाविसर्जनाला आलेला प्रत्येक जण उठताना तिच्यापुढं हात जोडून एकच वाक्य बोलायचा, "वहिनी, काय लागलं तर सांगा."

ती मान हलवायची. काय सांगायचं, हे तिलाच कुठं ठाऊक होतं? पेन्शनीचा, बँकेचा व्यवहार नवराच बघायचा.

तरुण पोरांनी घरटी वर्गणी काढली. 60,000 रुपये जमले आणि लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, वाडीच्या तोंडाला हवालदाराच्या नावाची कमान उभारू. दुसरा म्हणाला, शोकसभेत आमदारांच्या हस्ते वहिनींना चेक देऊ. चार संध्याकाळी पारावर हाच वाद रंगला.

इकडं तिच्या वावरात चिखल तयार होता आणि भाताच्या रोपांचा तरवा पिवळा पडायला लागला होता. पाचव्या दिवशी पैऱ्यातली, एकमेकांच्या लावणीला जाणारी माणसं इरली घेऊन आली, दिवसभरात लावण उरकली आणि गेली. लावायचं का, म्हणून कुणी तिला विचारलं नव्हतं.

वाडीत एक म्हातारे सुभेदार होते. शोकसभेच्या आदल्या दिवशी ते तिच्या घरी आले. चहा नको म्हणाले. "पोरी, त्याची ट्रंक कुठं हाय?"

तिच्या धाकट्या दिरानं माळ्यावरची काळी पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव होतं. आत डांबरगोळ्यांच्या वासात घडी केलेली वर्दी होती आणि तिच्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद. सुभेदारांनी चष्मा लावला आणि एकेक कागद घोंगडीवर मांडला. डिस्चार्ज बुक. पीपीओ, म्हणजे पेन्शनीचा आदेश. ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची कार्डं. त्या योजनेत तिला आणि पोरांना पुढंही औषधोपचार मिळणार होते. आणि एक विम्याचं सर्टिफिकेट. निवृत्त होताना एकरकमी हप्ता कापून घेतलेला लष्कराच्या गटविम्याचा पुढचा विमा होता तो.

"ह्ये चालू हाय?" दिरानं विचारलं.

"चालू हाय. पण मागितल्याबिगार कुणी दारात आणून देत न्हाई. बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला कळवाय पायजे."

दीर घुटमळला. "आबा, दादाचं एटीएम माझ्याकडं हाय. ह्या म्हयन्याची पेन्शन आली की काढून आणू? घरात पैसं न्हाईत."

"हात लावू नगंस," सुभेदार म्हणाले. "माणूस गेल्यावर त्याच्या नावानं जमा झालेली पेन्शन मागनं वसूल करत्यात. आधी मृत्यूचा दाखला काढ, बँकेला कळीव. हिची फॅमिली पेन्शन हिच्या नावानं सुरू हुईल. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं धरतील, बुडणार न्हाई काय."

मग त्यांनी पीपीओ आणि तिचं आधारकार्ड शेजारी शेजारी ठेवलं आणि कपाळाला हात लावला. पीपीओवर लग्नात बदललेलं नाव होतं, आधारवर माहेरचं. अशी गाठ एकदा पडली की सोडवायला महिने जातात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा गेल्याच्या दिवसापासून ती रडत होती. पण आता आपण कागदावर त्याची बायकोसुद्धा नाही की काय, या भीतीनं तिला कापरं भरलं.

"घाबरू नगंस. आपुन जाऊ."

दुसऱ्या दिवशी शोकसभेत सुभेदार बोलायला उभे राहिले. भाषण केलं नाही. म्हणाले, "कमान नको, चेकचा फोटोबी नको. पेन्शन सुरू व्हायला चार-पाच महिने लागतील. तवर ह्या घराची चूल कशी पेटायची, एवढंच आपल्याकडं हाय. 60,000 एकदम दिलं तर देणेकरी न्हेतील, न्हाईतर कार्यात जातील. म्हयन्याला 8,000 हिच्या खात्यावर टाका. आणि एक गाडीवाला पोरगा मला द्या."

पोरं गप्प झाली. मग त्यांतलाच एक, कमानीसाठी सगळ्यात जास्त भांडलेला, उठला. "गाडी माझी, आबा."

पुढच्या महिन्यांत ती गाडी पन्नासएक किलोमीटरवरच्या कोल्हापूरला अनेकदा गेली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कर्मचाऱ्यानं अर्ज कसा भरायचा ते दाखवलं. दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र झालं. बेळगावला विम्याचा अर्ज गेला. ग्रामपंचायतीत घरपट्टी माफीचा अर्ज गेला. प्रत्येक कागदाची झेरॉक्स ती स्वतः मुलाच्या जुन्या दप्तरात लावून ठेवायला शिकली.

दिवाळीच्या तोंडावर फॅमिली पेन्शन सुरू झाली, मागची थकबाकीही आली. सुभेदारांनी तिला समजावलं, "सात वरसं ह्या दरानं मिळंल, शेवटच्या पगाराच्या निम्मी. पुढं तीस टक्क्यांवर येईल. म्हंजे पोरांची शिक्षणं ह्या सात वरसांत मार्गी लावायची." विम्याचे पैसे आल्यावर ते तिनं मुलांच्या नावानं ठेवले.

केंद्रीय सैनिक बोर्डाच्या शिक्षण अनुदानाचा अर्ज भरताना मात्र मुलगी अडली. हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना ते मिळतं. नोव्हेंबर 2025 पासून ते दुप्पट होऊन दरमहा 2,000 रुपये झालं आहे. ती म्हणाली, "आबा, ही भीकच की."

"शाळंत 7 डिसेंबरला ध्वजदिनाचं पैसं देत हुतीस का न्हाई?"

"देत हुते. पाच रुपयं."

"तवा भीक घातली म्हणून दिलं व्हतंस? त्याच निधीतनं ह्ये येतंय."

मुलीनं सही केली.

वर्गणीतले चार महिन्यांचे 32,000 खर्च झाले होते. 28,000 उरले होते. पोरं ते द्यायला आली तेव्हा ती म्हणाली, "आता माझं चाललंय. ते पैसे तसेच ठेवा. वाडीत आणि कुणाचं असं अडलं तर पेन्शन सुरू होईस्तोवर द्या."

त्या रात्री पारावर सुभेदारांना कुणीतरी विचारलं, "आबा, आमीबी सगळी सांगत हुतो, काय लागलं तर सांगा म्हणून. तिनं कुणालाच कसं सांगितलं न्हाई?"

सुभेदार म्हणाले, "तिची लावण केली तवा इचारलं हुतं का, काय लागलं तर सांग म्हणून? चिखल बघितला, तरवा बघितला आणि वावरात उतरलासा. घरातबी तसंच बघाय पायजे. जिला घरात काय हाय ह्येच म्हाईत न्हाई, ती काय मागणार?"

पारावर बसलेल्यांत पेन्शनीतले आणखी तीन फौजी होते. त्यांनी घरी जाऊन माळ्यावरच्या ट्रंका उतरवल्या आणि बायकोला शेजारी बसवून एकेक कागद समजावून सांगितला. एकाच्या पीपीओवर बायकोची जन्मतारीख चुकलेली निघाली. तो दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं कोल्हापूरला गेला.

तात्पर्य: दुःखात बुडालेल्या माणसाला "काय लागलं तर सांगा" म्हणणं म्हणजे मदतीचं ओझंही त्याच्याच डोक्यावर ठेवणं. काय लागतं ते आपण बघावं, हक्काचं त्याच्या हाती पडेपर्यंत सोबत राहावं आणि मधल्या दिवसांपुरता आपला हात द्यावा. आणि ज्याच्यावर घर अवलंबून आहे, त्यानं आपल्या ट्रंकेची किल्ली जिवंतपणीच घरच्यांच्या हाती द्यावी.